ट्रॅकवरील मोटारसायकल : बैठक आणि वळणाचे तंत्र यांविषयी सोलापूरच्या चालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रॅकवर पहिल्यांदा उतरू पाहणाऱ्या सोलापूर परिसरातील चालकांकडून जे प्रश्न माझ्यापर्यंत पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बैठकीचे प्रश्न मुद्दाम आधी घेतले आहेत, कारण ब्रेक, थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) आणि वळणाची रेषा यांविषयीची बहुतेक गाऱ्हाणी शेवटी बैठकीपाशीच येऊन थांबतात.

सोलापूरच्या चालकाला ट्रॅकवर सर्वांत जड काय जाते?

वेग नव्हे. पुणे किंवा हैदराबाद महामार्गावर तासन्‌तास गाडी चालवलेल्या माणसाला सरळ पट्ट्यावरचा वेग फारसा नवा नसतो. जड जाते ते पायांनी गाडी धरणे. आपला मुलूख सपाट आणि रस्ते सरळ असल्यामुळे सीटच्या मधोमध निवांत बसून हँडलवर भार टाकण्याची सवय लागते, आणि ती सरळ रस्त्यावर कधी नडत नाही. ट्रॅकच्या पहिल्याच वळणात मात्र नडते.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे मानकरी आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्या उंच काठीचा भार कंबर आणि पाय घेतात, हात तोल राखतात. केवळ दंडाच्या जोरावर ती काठी मिरवणुकीच्या शेवटापर्यंत नेणे कोणालाही शक्य नाही. ट्रॅकवरील बैठकीचे सूत्र हेच आहे : शरीराचे वजन पायांनी आणि मांड्यांनी पेलायचे आणि हात गाडीला सूचना देण्यापुरते मोकळे ठेवायचे.

हात मोकळे ठेवण्यावर एवढा भर का?

कारण झुकलेल्या मोटारसायकलचे पुढचे चाक स्वतःच वळणाच्या दिशेने योग्य तेवढे वळते. पुढच्या काट्याचा, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांचा, तिरपेपणा आणि चाक जमिनीला जेथे टेकते ती जागा यांची रचनाच अशी असते की, चालकाने अडथळा आणला नाही तर चाक आपला कोन आपण शोधते आणि रस्त्यावरच्या लहानसहान उंचवट्यांनंतर पुन्हा त्या कोनावर येते. कोपरे ताठ करून हँडल घट्ट धरले की ही हालचाल रोखली जाते; मग प्रत्येक उंचवट्याचा धक्का हातांतून खांद्यांत आणि खांद्यांतून पुन्हा गाडीत जातो, गाडी डोलू लागते, आणि घाबरलेला चालक हँडल आणखी घट्ट आवळतो. गाडीत दोष आहे असे समजून सस्पेन्शन बदलायला निघालेल्या चालकाने आधी आपली पकड तपासावी.

वळणात शरीर आतल्या बाजूला का काढायचे? सरळ बसून गाडी झुकवली तर काय बिघडते?

हिशेब करून पाहू. ५० मीटर त्रिज्येच्या वळणातून ताशी ६० किलोमीटर वेगाने जायचे असेल, तर चालक आणि गाडी यांच्या एकत्रित गुरुत्वमध्याला सुमारे ३० अंश आत झुकावे लागते. वेग ८० केला की हा कोन सुमारे ४५ अंशांवर जातो. वेग फक्त एक तृतीयांशाने वाढला असताना झुकाव दीडपट झाला, याचे कारण येथे वेगाचा वर्ग मोजला जातो.

हा कोन टाळता येत नाही, पण तो गाडी आणि शरीर यांच्यात वाटून घेता येतो. चालक ७० किलोचा आणि गाडी १७० किलोची धरली आणि चालकाने आपले शरीर सरासरी १५ सेंटिमीटर आत नेले, तर एकत्रित गुरुत्वमध्य सुमारे साडेचार सेंटिमीटर आत सरकतो. तो जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंचीवर आहे असे मानल्यास त्याच वेगासाठी गाडी सुमारे चार अंश कमी झुकवावी लागते. चार अंश ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण फूटपेग (पाय ठेवायची दांडी) जमिनीला घासण्यात आणि न घासण्यात अनेकदा तेवढाच फरक असतो. शिवाय कमी झुकलेल्या गाडीचे सस्पेन्शन खड्डे-उंचवटे अधिक चांगले पचवते, आणि वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल लवकर उघडता येतो. ज्याला वेग वाढवायचा नाही, त्यानेही शरीर आत घ्यावे : वेग तोच, झुकाव कमी, म्हणजे चूक सावरायला जागा जास्त.

नेमकी बैठक कशी घ्यायची?

खालून वर या. बहुतेक जण डोक्यापासून किंवा गुडघ्यापासून सुरुवात करतात आणि तेथेच फसतात.

पावलाचा चवडा फूटपेगवर ठेवावा, तळव्याचा मधला भाग नव्हे. चवड्यावर पाय असला की घोटा स्प्रिंगसारखा काम करतो आणि आतल्या बाजूचा बूट जमिनीला घासत नाही. गिअर किंवा मागचा ब्रेक वापरण्यापुरते पाऊल पुढे न्यावे आणि लगेच मागे घ्यावे.

त्यानंतर बाहेरचा पाय, म्हणजे उजव्या वळणात डावा आणि डाव्या वळणात उजवा. साऱ्या बैठकीची खुंटी हीच आहे. टाच किंचित उचलून गुडघा आणि मांडीची आतली बाजू टाकीच्या खोबणीत दाबावी. हा पाय नीट अडकला की शरीर गाडीला टांगलेले राहते आणि दोन्ही हात हलके होतात. गुळगुळीत टाकीवर चामड्याचा सूट घसरत असेल तर टाकीच्या दोन्ही बाजूंना रबरी ग्रिप पॅड चिकटवावेत. मला विचाराल तर सायलेन्सर बदलण्याआधी हा खर्च करावा.

कंबर साधारण अर्धी सीटबाहेर काढावी : आतला कुल्ला हवेत, बाहेरचा सीटवर. याहून अधिक बाहेर जाण्याची नवशिक्याला गरज नसते. तसे केल्यास बाहेरचा पाय सुटतो आणि तोल हातांवर येतो. टाकी आणि शरीर यांच्यात एक मूठ मावेल एवढे अंतर ठेवावे. टाकीला चिकटून बसले की कंबर टाकीभोवती फिरते, आतला खांदा पुढे जाण्याऐवजी मागे राहतो आणि शरीर वळणाकडे पाठ फिरवल्यासारखे होते.

शेवटी छाती, खांदे आणि डोके. पुढे वाकून आतला आरसा जेथे असतो त्या दिशेने डोके न्यावे. हनुवटी साधारण आतल्या मनगटाच्या रेषेवर यावी. आतले कोपर वाकलेले आणि जमिनीकडे झुकलेले असावे, बाहेरचा हात टाकीवर सैल टेकावा. कमरेच्या वरचा भाग पायांपेक्षा जड असतो, त्यामुळे कंबर खूप बाहेर आणि डोके गाडीच्या मध्यावर, ही जी बैठक पहिल्या ट्रॅक-दिवसाच्या बहुतेक छायाचित्रांत दिसते, तिच्यात कष्ट पुष्कळ आणि लाभ जवळजवळ शून्य असतो. माझ्या पहिल्या दिवसाच्या छायाचित्रांतही मी असाच आहे : गुडघा थेट प्रेक्षकांकडे, डोके वळणाच्या बाहेर.

शरीर केव्हा हलवायचे?

ब्रेक लावण्याच्या आधी. सरळ पट्ट्याच्या अखेरीस, थ्रॉटल उघडा असतानाच, पायांवर किंचित उठून कंबर आत सरकवावी. मग ब्रेक लावताना दोन्ही गुडघ्यांनी टाकी आवळावी, म्हणजे पुढे ढकलले जाणारे वजन मनगटांवर न येता मांड्यांवर येते. गाडी वळवण्याच्या क्षणी फक्त छाती आणि डोके आत सोडावे. वळणाच्या मध्यावर कंबर सरकवणे टाळावे, कारण तेवढ्या धक्क्यानेही झुकलेली गाडी आपली रेषा सोडते. एकामागोमाग उजवे-डावे वळण आले तर हँडलला लोंबकळून नव्हे, तर पायांच्या जोरावर, सीटला लगटून पलीकडे जावे.

गाडी नेमकी वळते कशाने? शरीर झुकवल्याने की हँडलने?

हँडलने, आणि तेही आपल्याला वाटते त्याच्या उलट. उजवीकडे जायचे असेल तर उजवे हँडल पुढे ढकलायचे. पुढचे चाक क्षणभर डावीकडे जाते, गाडी उजवीकडे कलते आणि वळते. याला काउंटरस्टीअरिंग म्हणतात. पायी चालण्याहून बऱ्यापैकी जास्त वेग असला की प्रत्येक दुचाकीस्वार हेच करतो, फक्त त्याला ते ठाऊक नसते. सात रस्त्याला रिक्षा अचानक आडवी आल्यावर आपण जो कट मारतो, त्यात शरीर हलायलाही वेळ नसतो. काम हँडलच करते.

अमेरिकी प्रशिक्षक कीथ कोड यांनी हे दाखवण्यासाठी एका मोटारसायकलच्या चौकटीला न वळणारे दुसरे हँडल जोडले होते. ते पकडून केवळ शरीर हलवणाऱ्याची गाडी थोडीशी भरकटे, पण हवी तेथे आणि हवी तेवढी वळत नसे. तेव्हा शरीराचे काम गाडी वळवणे हे नसून, वळलेल्या गाडीला कमी झुकावे लागेल अशी सोय करणे हे आहे. ही दोन कामे मनात वेगळी ठेवली की पुष्कळ गोंधळ मिटतो.

गुडघा जमिनीला टेकलाच पाहिजे का?

नाही. गुडघा ही मोजपट्टी आहे. आपण किती झुकलो आहोत हे ती सांगते. १९७० च्या दशकात फिनलंडचा यार्नो सारिनेन आणि त्यानंतर अमेरिकेचा केनी रॉबर्ट्स यांनी गुडघा बाहेर काढून झुकण्याची शैली शर्यतींत रुजवली. रॉबर्ट्सने १९७८, १९७९ आणि १९८० अशी सलग तीन वर्षे ५०० सीसी गटाचे विश्वविजेतेपद मिळवल्यावर ती सर्वत्र पसरली. त्याआधी माइक हेलवूडसारखे विश्वविजेते गुडघे टाकीला लावूनच जिंकत होते. आज मोटोजीपीचे, म्हणजे मोटारसायकल शर्यतींच्या सर्वोच्च जागतिक मालिकेचे, चालक साठ अंशांहून अधिक झुकतात आणि त्यांचे कोपरही जमिनीला लागते, पण ते टायर, तो ट्रॅक आणि ते पगार आपले नव्हेत.

गुडघा टेकवण्यासाठी म्हणून पाय ताणला की बाहेरचा पाय टाकीवरून सुटतो. बैठक बरोबर असेल आणि वेग हळूहळू वाढत असेल, तर गुडघा एके दिवशी आपोआप टेकतो आणि दचकायला होते, एवढेच.

वळणात नजर कोठे असावी?

तीन ठिकाणी, एकानंतर एक : गाडी वळवायला सुरुवात करण्याची जागा, वळणाचा आतला बिंदू म्हणजे एपेक्स, आणि बाहेर पडण्याची जागा. पहिल्या जागेवर गाडी पोचण्यापूर्वीच नजर दुसरीकडे गेलेली असली पाहिजे. घाबरल्यावर डोळे ज्या गोष्टीवर खिळतात तिकडेच गाडी जाते. रस्त्यातला एकुलता एक खड्डा चुकवू पाहणारा माणूस नेमका त्याच खड्ड्यात कसा जातो, हे कोणाला सांगायला नको. मान वळवताना डोळे क्षितिजाला शक्य तेवढे समांतर ठेवावेत, म्हणजे वेगाचा अंदाज बिघडत नाही.

ब्रेक आणि थ्रॉटल यांचा क्रम काय?

सुरुवातीला सगळे ब्रेकिंग गाडी सरळ असतानाच संपवावे, गाडी वळवावी, आणि रेषा पक्की झाली की थ्रॉटल अगदी थोडा उघडून वळण संपेपर्यंत सावकाश, एकसारखा वाढवत न्यावा. थ्रॉटल बंद ठेवून गाडी वळणात घरंगळू दिली की वजन पुढच्या चाकावर राहते. हलका थ्रॉटल ते मागच्या, रुंद टायरकडे नेतो आणि गाडी स्थिर होते. मध्येच घाबरून थ्रॉटल एकदम बंद करणे ही नवशिक्याची सर्वांत महाग चूक आहे. वजन झटक्यात पुढे येते, सस्पेन्शन दबते, जमिनीपासूनचे अंतर कमी होते आणि गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला जाते.

पुढची पायरी म्हणजे वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत जाणे. टायरची पकड ही ठरावीक पगारासारखी असते : झुकण्यावर जेवढी खर्च झाली तेवढी ब्रेकसाठी उरत नाही. म्हणून झुकाव वाढेल तसतसा ब्रेकवरचा दाब कमी होत गेला पाहिजे. हे तंत्र प्रशिक्षकाच्या नजरेखालीच शिकावे.

वळणाची रेषा कशी ठरवावी?

शंका असेल तेथे उशिरा वळा. लवकर वळले की आतला बिंदूही लवकर येतो आणि बाहेर पडताना ट्रॅक अपुरा पडतो. उशिराचा एपेक्स धरल्यास वळणाचा शेवट आधी दिसतो आणि गाडी लवकर सरळ करता येते. दोन वळणे जोडून असतील तर पहिल्यावर पाणी सोडावे लागले तरी चालेल, पण ज्या वळणानंतर लांब सरळ पट्टा आहे त्याची रेषा बिघडू देऊ नये.

ट्रॅकवरून आल्यावर काही जणांचे तळहात सोलतात, काहींच्या मांड्या दुखतात. यातले चांगले काय?

मांड्या. तळहातांवर फोड, मनगटात कळ किंवा खांदे आखडणे म्हणजे हँडलला लटकण्याचा पुरावा होय. दुखणे फक्त एकाच बाजूला असेल तर त्या बाजूच्या वळणांत बाहेरचा पाय सुटतो आहे असे समजावे. बहुतेकांची उजवी आणि डावी बैठक सारखी नसते. उजव्या वळणात थ्रॉटलवरचा हातही वाकवावा लागत असल्याने ती बाजू अनेकांना अवघड जाते.

ब्रेक लावताना मोटोजीपीचे चालक आतला पाय पेगवरून सोडून देतात. तसे करावे का?

करू नये. इटलीचा विश्वविजेता व्हॅलेंटिनो रॉसी याच्यामुळे ती पद्धत लोकप्रिय झाली, आणि तिचा नेमका फायदा काय यावर जाणकारांतही एकमत नाही.

माझ्याकडे १५० सीसीची साधी, सरळ हँडलची गाडी आहे. ती चालेल का?

आयोजकांच्या नियमांत बसत असेल तर उत्तम चालेल. कमी ताकदीच्या गाडीवर वळणातला वेग टिकवावाच लागतो, त्यामुळे चूक झाकली जात नाही. मोठी गाडी वळणातले पाप सरळ पट्ट्यावर धुऊन काढते. सरळ हँडलच्या गाडीवर छाती अधिक वाकवावी लागते आणि पेग लवकर घासतात, एवढे लक्षात ठेवावे.

टायर नवे घ्यावेत का?

सोलापूरच्या चालकांसाठी हा प्रश्न दिसतो त्याहून महत्त्वाचा आहे. सरळ रस्त्यांवर हजारो किलोमीटर चाललेला टायर मधोमध चपटा होतो आणि दोन्ही कडांना नवा राहतो. नक्षी पुरेशी दिसते, म्हणून तो चांगला वाटतो. पण झुकताना चपट्या भागाच्या कडेवरून गाडी अडखळते आणि मग एकदम पडल्यासारखी आत जाते. अशा टायरवर वळण शिकणे म्हणजे उसवलेल्या चपलेत पळायला शिकणे. नवे टायर घेतल्यास ते काही अंतर साध्या रस्त्यावर चालवून, वरचा गुळगुळीतपणा गेल्यावरच ट्रॅकवर न्यावेत.

हवेचा दाब टायर-निर्मात्याने ट्रॅकसाठी सांगितलेला असावा. गरम झाल्यावर दाब वाढतो, म्हणून फेरी संपवून आल्या आल्या तो पुन्हा मोजावा.

तुळजापूरच्या घाटात सराव केला तर चालणार नाही का?

नाही. समोरून वाहने येतात, वळणापलीकडचे दिसत नाही, आणि घसरल्यावर थांबायला मोकळी जागा नसते. गळीत हंगामात आपल्या जिल्ह्यातील रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या आणि त्यांतून पडलेली कांडी असतात. कोजागरीला याच रस्त्याने हजारो भाविक रात्रभर पायी जातात. कायद्याचे म्हणाल तर, मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. घाटात नजर आणि थ्रॉटलचा सराव रास्त वेगात अवश्य करावा; कंबर सीटवरच असू द्यावी.

मग सोलापुरात राहून तयारी कशी करायची?

गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचे चाक उचलून गाडी सरळ ठेवणाऱ्या स्टँडवर) उभी करावी आणि एकाने पुढून धरावी. आरशासमोर किंवा मोबाईलवर चित्रण करत उजवी-डावी बैठक प्रत्येकी वीस-पंचवीस वेळा घ्यावी. कसोटी सोपी आहे : पूर्ण आत झुकलेल्या स्थितीत दोन्ही हात हँडलवरून उचलून पाहावेत. शरीर जागचे हलले तर बाहेरचा पाय अजून काम करत नाही. माझे शरीर पहिल्या आठवड्यात दर वेळी हलत असे. याखेरीज बैठका आणि प्लँक हे दोन व्यायाम महिनाभर केले तरी फरक जाणवतो. एखादे मोकळे, खडी नसलेले मैदान परवानगीने मिळाल्यास कमी वेगात आठच्या आकड्याचा सराव करावा.

जवळचा ट्रॅक कोणता?

बहुतेक जण चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथील मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर जातात. १९९० मध्ये सुरू झालेला हा ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटरचा असून त्यात १२ वळणे आहेत. कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे सुमारे २.१ किलोमीटरचा आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०२३ मध्ये मोटोजीपीची भारतीय फेरी झाली. पण पाच किलोमीटरहून अधिक लांबीचा तो वेगवान ट्रॅक पहिल्या अनुभवासाठी मला तरी योग्य वाटत नाही. सोलापूर मुंबई–चेन्नई रेल्वेमार्गावर असल्याने गाडी पार्सलने पाठवता येते. मात्र पेट्रोलची टाकी रिकामी करूनच.

कपडे आणि गाडीची तयारी?

पूर्ण चामड्याचा एकसंध सूट, किंवा झिपने पूर्ण जोडला जाणारा दोन भागांचा; पाठीचे संरक्षक कवच; फुल-फेस हेल्मेट; मनगट झाकणारे हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट. जीन्सवर गुडघ्याचे पॅड बांधून येऊ नये, प्रवेश मिळणार नाही. गाडीचे आरसे आणि नंबर प्लेट काढावी, दिव्यांच्या काचांवर टेप लावावी, ब्रेक पॅड आणि चेन तपासावी. अनेक ठिकाणी रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधे पाणी भरायला सांगतात, कारण सांडलेला कूलंट ट्रॅकवर तेलासारखा निसरडा होतो. सोलापूरच्या उन्हाळ्याची सवय आहे म्हणून पाण्याकडे दुर्लक्ष करू नये. सूटच्या आत घाम वाळत नाही. प्रत्येक फेरीनंतर मीठ-साखरेचे पाणी प्यावे आणि मान पुसायला आपला सोलापुरी टॉवेल जवळ ठेवावा.

झेंड्यांचे अर्थ पाठ असावेत का?

होय, उतरण्यापूर्वी. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबले. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे पृष्ठभाग निसरडा. काळा म्हणजे ट्रॅक सोडून आत या. चौकड्यांचा म्हणजे सत्र संपले.

घसरलो तर काय करायचे?

गाडी सोडून द्यावी. हँडल धरून राहिल्यास गाडी आपल्याला आपटत नेते. हातपाय सैल ठेवून घसरू द्यावे, आणि थांबलो असे वाटल्यावर मनात तीनपर्यंत मोजूनच उठावे, कारण शरीर वेगात असतानाही थांबल्याचा भास होतो आणि उठू पाहणारा मग गडगडतो. उठल्यावर मागे गाड्या येत आहेत का ते पाहून ट्रॅकपासून दूर, कुंपणाकडे जावे. गाडी उचलून स्वतःहून ट्रॅकवर परतू नये. तेल गळत आहे का हे मार्शल, म्हणजे ट्रॅकवरील सुरक्षा कर्मचारी, पाहतील.

संध्याकाळी त्याच गाडीवरून सोलापूरला परतता येईल का?

चेन्नईच्या ट्रॅकपासून अंतर आठशे किलोमीटरहून अधिक आहे आणि दिवसभराच्या श्रमांनंतर हातपाय थरथरत असतात, म्हणून ती रात्र तेथेच काढावी. सकाळी आरसे आणि नंबर प्लेट लावून, दिव्यांवरची टेप काढून, टायरचा दाब पुन्हा रस्त्यासाठीचा करून आणि रेडिएटरमध्ये कूलंट भरूनच निघावे. टेप काढायची तेवढी लोक हमखास विसरतात आणि अंधार पडल्यावर दिवा का लागत नाही म्हणून फ्यूज शोधत बसतात.